सासूबाईंची लोकर

ग्रामसभेत कारकुनाने हात वर करू नये. त्याचा हात इतिवृत्त लिहायला दिलेला असतो, तो त्याने कागदावरच ठेवावा. हे शहाणपण मला आज सुचतंय. त्या दिवशी मेयरबाईंनी विचारलं, "आपल्या डोंगरातले शांत रस्ते कुणाला माहीत आहेत?" आणि माझा हात वर गेला.

झालं होतं असं, की शेजारच्या गावाने सायकलवाल्यांसाठी एक शांत वाट आखली होती आणि उन्हाळाभर तिथे डच पाहुणे चीज खात बसलेले आमच्या मेयरबाईंना बघवत नव्हते. आपल्या व्हेर्नेजूललाही अशी वाट हवीच, असं त्यांनी मनावर घेतलं. मी दर रविवारी सायकल मारतो. (डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. लोकांना सांगताना मात्र आवड म्हणून.) ना गाडी ना माणूस, नुसती चेस्टनटची झाडं, असे रस्ते मला तोंडपाठ होते.

घरी येऊन बायकोला बातमी दिली. ओदिल बटाटे सोलत होती.

"आख हवी तेवढी वाट," ती म्हणाली. "फक्त यंदा आईला दुखवू नकोस. जागेचं यंदा ठरणार आहे."

जागा म्हणजे अळंबीची जागा. आमच्या डोंगरातला माणूस एकवेळ स्वतःचं लफडं सांगेल, पण सेप ही अळंबी कुठे उगवते ते सांगणार नाही. सासूबाई दर ऑक्टोबरात एका रस्त्याने जात, दुसऱ्याने परत येत, टोपलीवर नेच्याची पानं पसरलेली. आत ती तपकिरी टोपीची, गलेलठ्ठ देठाची अळंबी. लोण्यात लसूण घालून परतली की गल्लीतली कुत्रीसुद्धा दाराशी येऊन बसत. माझ्या ताटात दोन चकत्या पडायच्या. सासरे मार्सियाल शेवटच्या दुखण्यात म्हणाले होते, "लेओनी, आता तरी सांग कुठे जातेस." सासूबाई म्हणाल्या, "आधी बरे व्हा, मग सांगते." बिचारे तसेच गेले.

यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जाहीर केलं, की आता जागा कुणातरी एकाला दाखवायची. एक तर ओदिलला, नाहीतर भाच्याला, लूदोविकला. हा लूदोविक त्यांना सरपण फोडून देतो. (फोडताना कण्हतो असा, की आख्ख्या गावाला पुण्य कळावं.) लग्न झाल्यापासून ओदिल त्या जागेची आस धरून होती. ती जागा लूदोविकच्या घशात गेली असती तर आमच्या घरात मला जागा राहिली नसती.

मी नकाशा आखला आणि कचेरीच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी खाटकाकडे गेलो तर त्याने न मागता मांसाच्या पातेची जाड चकती जास्त कापली.

"तो व्हेर्न्याच्या रानातला रस्ता धरलायस म्हणे," तो म्हणाला. "तिथे साप आहेत."

"मी कधी पाहिले नाहीत."

"तेच तर. दिसत नाहीत ते."

मग डॉक्टर आले. ओढ्याकाठची हवा फुप्फुसाला दमट, रस्ता तिथून नको. पाद्रीबाबा आले. जुन्या गिरणीपाशी एक आत्मा भटकतो म्हणाले.

"बाबा, तुम्ही भुताखेतांवर विश्वास ठेवता?"

"ऑक्टोबरपुरता ठेवतो," ते म्हणाले.

शेवटी खुद्द मेयरबाई. त्यांच्या दिराच्या रानाकडचा रस्ता फार घसरतो म्हणे.

"बाई, तुम्हीच तर वसंतात त्यावर डांबर घातलंत."

"म्हणूनच घसरतो," त्या म्हणाल्या.

मी रोज एक रस्ता खोडत होतो. एवढे शांत रस्ते आपल्या गावाला, आणि एकावरूनही सायकल जाऊ शकत नाही, हे काय गौडबंगाल आहे, म्हणून डोकं धरून बसलो. ते कळायला मला आठवडा लागला. (ओदिलला ऐकता ऐकता कळलं.) त्या रस्त्यांवर मला कधी माणूस दिसला नाही, कारण मी दिसलो की माणसं टोपलीसकट झाडामागे जात.

आणि मग काठी टेकत सासूबाई कचेरीत आल्या.

"जावईबापू, ग्रांज-ब्लांशच्या उतारावरून वाट नेऊ नका हो. तिथला कुत्रा वाईट आहे."

ग्रांज-ब्लांशच्या पडक्या शेतघरात माझ्या जन्माआधीपासून कुणी राहत नाही. मी गंभीर चेहऱ्याने तोही रस्ता खोडला आणि घरी सायकल अशी हाणली, की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर कौतुक केलं असतं.

अखेर एकच रस्ता उरला, ज्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. क्रुसाची टेकडी. चढ असा, की सरळ उभे राहिलात तर नाक रस्त्याला लागेल. तीच झाली आमची शांत वाट. (शांत खरीच. चढणाऱ्यात बोलायचं त्राणच उरत नाही.) माथ्यावर रानाच्या कडेला सासूबाईंनी स्वखर्चाने सासऱ्यांच्या नावाचा बाक बसवला. "दमलेल्या माणसाला टेकायला हवं," त्या म्हणाल्या. उद्घाटनाला मेयरबाईंचे डोळे पाणावले. माझेही. सासूबाईंना मी उगाच कडक समजत होतो.

पाऊस पडून गेला, ऊन पडलं आणि ओदिल माझ्या मागे लागली.

"एकदा जाऊन बघून ये ग्रांज-ब्लांशला. जागा कळली की आईचे पाय धरायला नकोत, आणि लूदोविक बसेल लाकडं फोडत."

"पण तूच म्हणाली होतीस, आईला दुखवू नकोस म्हणून."

"तेव्हा म्हणाले होते. आता म्हणते, जा."

गेलो. सायकल खड्ड्यात लपवली आणि रांगत उतारावर शिरलो. सेप एक नाही. होता तो कमरेएवढा खाजरा पाला, आणि त्या पाल्यात पलीकडून रांगत येणारा लूदोविक.

"तुलाही कुत्र्याचं सांगितलं?" मी विचारलं.

"गेल्या मंगळवारी," तो म्हणाला आणि मान खाजवू लागला.

रविवारी सासूबाईंकडे जेवायला बसलो. माझे आणि लूदोविकचे हात पावासारखे फुगलेले. सासूबाईंनी कोंबडी वाढता वाढता एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा त्याच्या.

"चावला नाही ना?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी हात टेबलाखाली घेतले. कॉफी घेताना त्यांनी निकाल दिला. जागा ओदिललाच दाखवणार, पण नवऱ्याला सांगणार नाही अशी आईची शपथ घेतली तर. लूदोविकने लाकडं फोडण्यापुरतं यावं. ओदिलने शपथ घेतली. इतक्या पटकन घेतली, की मला वाईट वाटलं.

घरी गेल्यावर मी लाडात येऊन विचारलं, "मला तरी सांग ना, कुठे आहे?"

"आधी हाताची सूज उतरू दे, मग सांगते," ती म्हणाली. ते ऐकून मला सासऱ्यांची फार आठवण आली.

त्या शरदात माझा राग आत आत धुमसत होता आणि वर नोकरीही चालू होती. रोज दुपारी शांत वाटेच्या पाट्या तपासायला टेकडी चढायची. ओदिल कामावर जाताना आईला गाडीने माथ्यावर सोडायची. सासूबाई सकाळभर मार्सियालच्या बाकावर बसून विणायच्या, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून सावकाश पायी उतरायच्या. त्यांनी ओझं उचलायचं नाही, म्हणून विणकामाची टोपली माझ्या कॅरियरवर. एवढी लोकर! रोज. उतारावर माझी सायकल मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. एवढ्या लोकरीत सगळ्या व्हेर्नेजूलला स्वेटर झाले असते, पण आजवर मोजासुद्धा पाहिला नव्हता. म्हातारपणात दुःख माणसाला असं विणायला लावतं, असं मी खाटकाला सांगितलंसुद्धा.

मग एक दिवस पायथ्याशी एक डच बाई पाणी प्यायला थांबल्या होत्या. त्यांनी नाक वर केलं.

"काय सुरेख वास येतोय तुमच्या टोपलीला," त्या म्हणाल्या.

मी शाल उचलली. वर लोकरीचा एक गुंडा होता. एकच. त्याच्याखाली नेच्याची पानं, आणि पानांखाली काठोकाठ सेप.

म्हणजे बाकाच्या मागेच. मी रोज तिथे बसून, रानाकडे पाठ करून, समोरच्या दरीची तारीफ करत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. आमच्यात वळसा माझा होता आणि कळसा सासूबाईंच्या टोपलीत. ज्या जागेसाठी मी पाल्यात रांगलो, तिच्यातला माल हंगामभर मीच वाहून आणत होतो, तोही गावासमोर, सरकारी वेळेत.

ओरडावंसं वाटलं. पण कुणावर? ओदिलने शपथ मोडली नव्हती, आणि तो कुत्रा सोडला तर सासूबाई एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या. आणि बोभाटा केला असता तर संध्याकाळपर्यंत खाटीक, डॉक्टर आणि पाद्रीबाबा त्या बाकावर दाटीवाटीने बसले असते. मी शाल नीट पांघरली, बाईंना म्हणालो, "लोकर आहे हो, ओली झालीय," आणि टोपली पोचती केली.

रविवारी जेवायला ऑम्लेट होतं. सासूबाईंनी माझ्या ताटात तीन चकत्या वाढल्या. मी चकत्यांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"वाट छान केलीत हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आता कुणाची काही तक्रार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"माझी एक आहे. त्या शेवटच्या वळणावर ब्रेक जरा हळू मारत जा. लोकर मोडते."