पंचवीस डिग्रीची सुपारी

"डिग्रीचं मला सांगता, बाबा? एम.एस्सी.ची डिग्री आहे माझी, तीही रसायनशास्त्राची!"

उरणजवळच्या मिठागरावर उभं राहून यशोधन सरांनी सासऱ्यांना फोनवर असं छातीठोक सांगितलं. सासरे नामाशेठ तापाने फणफणून दवाखान्यात पडलेले, आणि हंगामातलं शेवटचं मीठ धरायचं राहिलेलं! तीस वर्षांत त्यांनी वाफ्याचं पाणी अडवणाऱ्या फळीला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. आज जावयाचा लावावा लागत होता.

"पाणी पंचवीस डिग्री झालं का फळी उघडून शेवटच्या वाफ्यात सोडा. आधी सोडलंत तर मीठ न्हाय, उशीर केलात तर कडू!"

टेन्शन आलं की सरांना तोंडात चघळायला काहीतरी लागायचं. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी खडू संपवल्याचं मुलं सांगत. तरी धीर करून त्यांनी शाळेचा थर्मामीटर पाण्यात बुडवला. एक्केचाळीस!

"मेलो! पंचवीस कधीच मागे पडलं!"

तेवढ्यात दवाखान्यातून बायकोचा, अनुयाचा फोन. "अहो, बाबांना अजून एकशेदोन आहे!"

सरांनी जागच्या जागी बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं. एकोणचाळीस! म्हणजे पाण्याला सासऱ्यांपेक्षा दोन डिग्री ताप जास्त!

"उपाय काय चाललाय?"

"थंड पट्ट्या ठेवतोय."

झालं! तासाभरात मासळीच्या बंदरावरून टेम्पोभर बर्फ वाफ्यात पडला. सर नर्ससारखे बांधावरून फिरू लागले. पस्तीस, तीस, पंचवीस! फळीला हात घालणार, तोच मागून आरोळी आली.

"जावायबापू! कोन मेलाय? बर्फ कशाला?"

ही रंगूमावशी. उभा जन्म मिठागरात गेलेला. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

"बर्फानं पार पातळ केलंत! ह्यात आता डाळ शिजवा!"

मग चंचीतली सुपारी काढून तिने पाण्यात टाकली. सुपारी धोंड्यासारखी तळाला गेली.

"काल ही अर्ध्यात लोंबत व्हती. पानी पंचवीसला आलं का वर येतंय. ही डिग्री तापाची न्हाय वो, दाटपनाची!"

"घनता!" सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, हेच तर मी नववीला शिकवतो! वस्तुमान भागिले आकारमान!"

"भागाकार मागून करा. आधी बर्फ उपसा!"

उरलासुरला बर्फ निघाला. मग तीन दिवस ऊन खात पाणी पुन्हा आटलं. तिसऱ्या दुपारी सरांनी लिटरची बाटली भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. बाराशे दहा ग्रॅम! पुस्तक उघडलं: मिठागराच्या मापात बरोबर पंचवीस! "मावशी!" म्हणून ते ओरडत वळले, तर सुपारीने कधीच डोकं वर काढलेलं आणि मावशी फळी उचलत होती. काटा, बाटली, पुस्तक एकीकडे, सुपारी एकीकडे. उत्तर तेच, पण सुपारीचं आधी! सरांनी वाकून मावशीला नमस्कारच केला.

"मावशी, ही शाळेत दाखवायला द्या ना!"

"जपा हां. आईपासनं पारखलेली हाय."

मग सुपारी खिशात टाकून मीठ धरेपर्यंत सर जीव मुठीत धरून बांधावर येरझाऱ्या घालत राहिले. संध्याकाळी पाण्यावर पांढरी साय आली आणि फोन वाजला.

"धरलं का, जावायबापू?"

"धरलं, बाबा! पांढरंशुभ्र!"

"शाबास! डिग्री कशानं मोजलीत?"

सरांनी ऐटीत खिशात हात घातला. खिसा रिकामा! मावशी त्यांच्या हलत्या जबड्याकडे बघत होती. सरांनी आवंढा गिळला, आणि आवंढ्याबरोबर उरलेलंही गेलं.

"गेली डिग्री पोटात!" मावशीने कपाळ बडवलं. "फुडल्या साली आता तुमालाच बुडवून बघायला लागंल!"