डॉक्टरांचे मुखदर्शन

माणसाला औषधापेक्षा रांगेची गरज जास्त असते, हे सनातन सत्य तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते गिरणगावापासून लपवून ठेवलंत, असा आमचा तुमच्यावर सरळ आरोप आहे, साहेब. गिरण्या बंद झाल्या, त्यांच्या आवारातले दवाखाने गेले, आणि मंत्रालयात बसून तुम्ही म्हणालात, आता आपापली सोय बघा. रांग कशी लावायची ते मात्र सांगितलं नाहीत. ते आम्हाला आमच्याच अकलेनं शोधावं लागलं. त्या अकलेचं नाव 'आरोग्यसेवा परिवार, काळाचौकी (रजि.)'.

गिरण्यांच्या संपानंतर आमच्या विभागात दोन गोष्टी मुबलक उरल्या: खोकला आणि कार्यकर्ते. खोकला बारमाही. कार्यकर्ते मात्र गणपतीपुरते. उरलेलं वर्ष बांबू, दोरखंड, बिल्ले आणि कर्णे माळ्यावर पडून आणि पोरं नाक्यावर पडून. गणपती मंडळाचे अध्यक्ष हेरंबशेठ (धंदा केबलचा, ओढा समाजसेवेचा) यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. बघता बघता काळाचौकी, लालबाग, परळ, दादर असं सेवाकेंद्रांचं जाळं उभं राहिलं. संस्था नफ्यासाठी नाही. कुणाचाही फायदा होता कामा नये असं तिच्या घटनेतच आहे, आणि त्यात रुग्णाचा अपवाद केलेला नाही.

सेवा दर रविवारी. मंडपात उंच स्टेज, स्टेजवर खुर्ची, खुर्चीत शिवाजी पार्कचे निवृत्त मोठे डॉक्टर, गळ्यात हार. हारामुळे नळी कानाला लावता येत नाही, पण हार काढणं बरं दिसत नाही. रांगा दोन. एक तपासणीची, ती सकाळी लागते आणि तिच्यात उभं राहण्यासाठी प्रकृती उत्तम लागते. दुसरी मुखदर्शनाची, ती झपझप सरकते. स्टेजसमोर यायचं, डॉक्टरांकडे पाहायचं, आजार एका शब्दात सांगायचा, डॉक्टर मान हलवतात, बाहेर पडताना गोळ्यांचं पाकीट. कमरेच्या वरच्या आजाराला पिवळ्या, खालच्याला पांढऱ्या. (कंबरच दुखत असेल तर दोन्ही.)

आणि गुण येतो, साहेब. गंगुबाईंच्या गुडघ्याची सूज मुखदर्शनानं उतरली. त्यांनी नवस फेडायला डॉक्टरांपुढे नारळ वाढवला, त्याचं पाणी डॉक्टरांच्या चष्म्यावर उडालं. गेल्या वर्षी परिवारानं एक लाख अकरा हजार एकशे अकरा रुग्णांना लाभ दिला. विभागात एवढी वस्ती नाही, पण काहीजण दोनदा आजारी पडले असतील. बाहेर पडताना विचारलं तेव्हा शंभरातले नव्वद समाधानी निघाले. उरलेले दहा विचारायच्या आत पुढे गेले होते.

ते पुढे गेले, त्याचं श्रेय सीतारामला.

सीताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. चालत्या साच्यात तुटलेला धागा पकडून गाठ मारायची, कापडाला कळूसुद्धा द्यायचं नाही, असा त्याचा हात. साचा गेला, हात राहिला. रिकामा हात माणसाला खातो. हेरंबशेठनी तो हात स्टेजपुढे उभा केला. पाठीवर तळवा ठेवायचा, जोर लावायचा नाही, नुसता टेकवायचा. माणूस आपोआप पुढे. इतर कार्यकर्ते ढकलायचे, त्यातून भांडणं व्हायची. सीतारामनं सरकवलेला माणूस 'थँक्यू' म्हणून जायचा. नवीन पोरांना तो शिकवायचा, "तोंडाकडे बघायचं नाय. तोंड बघितलं की माणूस बोलायला लागतो. पाठ बघायची. पाठ बोलत नाय."

एका शनिवारी जेवताना त्याची बायको राधाबाई म्हणाल्या, "अहो, छातीत गाठ लागतेय. इथं. महिना झाला."

संपापासून घर राधाबाईंच्या डब्यांवर चाललं होतं. त्या कशाचीही तक्रार एका महिन्याच्या आत करत नसत.

सीतारामनं भाकरी खाली ठेवली. "दुखते?"

"दुखत नाय. म्हणून तर सांगते. माझ्या आईचीपण दुखली नव्हती."

आई त्यातच गेली होती.

"उद्या तपासणीच्या रांगेत लाग," सीताराम म्हणाला. "मी आहेच तिथं."

"मग तुमच्या ओळखीनं आत घ्या ना. बायांसमोर, पुरुषांसमोर किती वेळ उभी राहू?"

"अगं, ओळख कसली? हेरंबशेठची मेव्हणी मध्ये घुसली तेव्हा तिलापण मी मागे पाठवली. आपल्याकडे शिस्त आहे."

"आहे खरी," राधाबाई म्हणाल्या आणि ताटं उचलली.

रविवारी त्या उजाडताच रांगेत लागल्या. मागं शेजारच्या चाळीतली नलू, तीही तसल्याच दुखण्याची. दोघी एकमेकींना काय झालंय ते न सांगता सगळं सांगून बसल्या. दुपारी राधाबाईंच्या पुढे पाचच जणी उरल्या, तेव्हा पाहुणे आले. पाहुण्यांची भाषणं झाली, गर्दी तुंबली. गर्दी तुंबली की दोन्ही रांगा एक करायच्या, हा गणपतीतला नियम, आणि गणपतीत तो कधी चुकलेला नाही. हेरंबशेठनी माईकवरून सांगितलं, "सर्व रुग्ण बंधू-भगिनींना मुखदर्शनाचा लाभ मिळेल. कुणीही विन्मुख जाणार नाही."

राधाबाई स्टेजसमोर आल्या. डॉक्टरांच्या पुढ्यात माईक होता, चालू. त्यांनी तो पाहिला. मोठ्यानं सांगितलं तर ते पार लालबाग नाक्यापर्यंत ऐकू जाणार. त्या पुढे वाकल्या, पदर सावरला, हळू म्हणाल्या, "डॉक्टर, मला जरा..."

आणि पाठीवर तळवा टेकला. जोर नाही. नुसता टेकला.

हातात पिवळ्या गोळ्या पडल्या तेव्हाच आपण बाहेर आलोय हे त्यांना कळलं. बाहेर पडलेल्यास पुन्हा प्रवेश नाही, ही पाटी सीतारामनं स्वतः रंगवलेली. त्यानं त्या दिवशी सगळ्यांत जास्त पाठी सरकवल्या. हेरंबशेठनी त्याला तिथल्या तिथे शाल दिली.

शाल घेऊन तो घरी आला. "काय म्हणाले डॉक्टर?"

राधाबाई पीठ मळत होत्या. "हात हलका आहे हो तुमचा. लोक म्हणतात ते खरं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो बसला तो उठेना. एवढ्या वर्षांत बायकोची पाठ ओळखता आली नव्हती. (परिवाराच्या शिस्तीचा यापेक्षा मोठा पुरावा आमच्याकडे नाही.)

सोमवारी तो हेरंबशेठकडे गेला. हेरंबशेठ ऐकून कळवळले. खोटं नाही, खरोखर कळवळले. "सीतारामभाऊ, वेडे का तुम्ही? वहिनींना रांगेत कशाला लावलंत? आपली माणसं डॉक्टरांच्या घरी जातात. संध्याकाळी. आपण सगळे तिकडेच जातो की."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. माझी मेव्हणीपण, तुम्ही तिला हाकललंत त्याच दिवशी गेली. बिचारी रागावली नाही हो तुमच्यावर."

हे राधाबाईंच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग मांडवात कोण जातं?"

सीतारामनं चपला शोधायला सुरुवात केली.

डॉक्टर घरी वेगळेच निघाले. हार नाही, माईक नाही, हात धुऊन आत नेलं, नीट तपासलं. तपासताना त्यांचा चेहरा उतरला. "महिना झाला? बाई, इतके दिवस दाखवलं का नाही?"

"काल दाखवायला आले होते. तुम्ही मान हलवलीत."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न केला. मग फोन उचलला आणि परळच्या मोठ्या इस्पितळातल्या आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं, उद्या सकाळी माझा पेशंट पाठवतोय, थेट आत घे, गाठीचा तुकडा तपासायचाय, थांबवू नको.

मंगळवारी इस्पितळात रांग फाटकाबाहेर आली होती. पहाटेपासूनची. सीताराम-राधाबाई तिच्या कडेकडेनं चालत गेली. अर्ध्यावर नलू उभी होती, मुठीत तेच पिवळं पाकीट.

"वहिनी, आत ओळख आहे का कुणाची?"

राधाबाई थांबल्या. सीताराम म्हणाला, "नाय गं. आम्ही नुसतं विचारायला चाललोय." आणि त्यानं राधाबाईंच्या पाठीवर तळवा टेकला. या खेपेला पाठ कुणाची ते त्याला ठाऊक होतं.

राधाबाईंचा नंबर पहिला लागला. नलूला पुढल्या महिन्याची तारीख मिळाली.

आता साहेब, तुम्हाला जाब विचारायचा तो विचारूच. दवाखाने तुम्ही नेलेत, ते कुठं ठेवलेत ते सांगा. पण हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही त्यांच्यामागे लपू नका. सीतारामला हसलात ना? मग तुमच्या घरात शेवटचं कुणी आजारी पडलं, तेव्हा पहिला फोन तुम्ही कुणाला लावलात, आणि त्या फोनमुळे त्या दिवशी कुणाची तारीख पुढे गेली? नाव माहीत नसेल. चेहरा तरी पाहिला होतात का? उत्तर द्या.