भिंतीकडं तोंड केलेला वूफर

आमच्या शेजारचे गंगाधरतात्या दुधाची पिशवी फोडण्याआधी ती उजेडात धरतात. आत काय दिसतं ते त्यांनाच ठाऊक. बघून झालं की मान हलवतात आणि म्हणतात, "ह्याच्यात काय तरी गोम हाय." मग पिशवी फोडतात, चहा करतात आणि फुरके मारत पितात. संशय आला म्हणून चहा सोडायचा, असला वेडेपणा ते करत नाहीत.

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी सारी नोकरी काढली. सुटीचा भोंगा झाला की कामगारांचे डबे आणि पिशव्या तपासायच्या, हे त्यांचं काम. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. भाजीवाली मापात मारते, गॅसवाला सिलिंडर हलका देतो, आणि माझ्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा कशासाठी तरी येतो. माझा भाऊ वाटूरहून तुरीचं पोतं घेऊन आला, तेव्हा तात्यांनी मला कुंपणापाशी गाठलं.

"पाव्हणे पोतं घेऊन आल्ते. जाताना मोकळ्या हातानं गेले. असं कसं?"

"तात्या, तूर मी ठेवून घेतली."

"बराबर," ते म्हणाले, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच. एके दिवशी तात्यांच्या दारात रिक्षा थांबली आणि चादरीत गुंडाळलेला एक जड डबा आत गेला. त्याच संध्याकाळी माझ्या मांडणीवरची ताटं थरथरायला लागली. वरातीत छातीत धडधडतो तो आवाज घरात बसून काढणारा वूफर त्यांनी आणला होता. गाण्याचा शब्द कळेना, भिंतीतून नुसता मृदंग यायचा. आता पंधरवड्यापूर्वीच मी त्यांच्या शेवग्याची माझ्या अंगणात झुकलेली फांदी तोडली होती. हा सूडच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. संशय हा सर्दीसारखा असतो, शेजाऱ्याकडून लागतो.

जरा वेळानं धडधड अचानक बंद पडली आणि तात्या माझ्या दारात हजर.

"मॅडम, आत्ता तुम्ही काय चालू केलं?"

त्यांच्या तळहातावर काचेची बारीक नळी होती. वूफरचा फ्यूज. आतली तार जळून काच काळी पडलेली.

मग हे रोजचंच झालं. नवा फ्यूज टाकायचा, दोन-तीन भजनं व्हायची, की फ्यूज उडालाच. तात्यांनी आधी फ्यूज विकणाऱ्यावर नकली मालाचा आळ घेतला. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, मोठा फ्यूज टाकून बघा." तात्या मला म्हणाले, "मोठा टाकायचा, म्हंजे डबाच जळंल, अन् ह्याचा नवा डबा खपंल!" हा त्यांचा एक संशय मात्र खरंच बरोबर होता. पुढं त्यांनी वायरमनला धरलं, मग उंदरांना. शेवटी डबा उचलून दुरुस्तीला नेला आणि कारागिरानं आतला माल बदलू नये म्हणून दुपारभर त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. तिथं वूफर दुपारभर खणखणीत वाजला. फ्यूजला काही झालं नाही.

"डब्यात दोष नाही, काका," कारागीर म्हणाला. "मागचा पत्रा तापतो, त्याला हवा लागू द्या. बाकी बिघाड तुमच्या घरातच कुठंतरी असंल."

यातलं मागच्या पत्र्याचं तात्यांनी वाटेतच सांडलं. 'बिघाड घरात' एवढंच घेऊन आले. घरात म्हणजे भिंतीत, आणि भिंतीपलीकडं कोण? मी.

त्यांच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओट्याच्या पुढं ते कुणालाच येऊ देत नसत. त्यांची बायको, म्हणजे काकू, अंगणात कपडे वाळत घालताना दिसायच्या, पण हाक मारली तरी वळून बघायच्या नाहीत. मी त्यांना गर्विष्ठ ठरवून मोकळी झाले होते.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. धडधड थांबली, आणि तात्या आलेच.

"मॅडम, खरं सांगा. काय लावून राह्यले तुम्ही?"

माझं डोकं फिरलं. त्यांना आत नेऊन एकेक बटण दाखवलं. सगळी बंद. "झालं समाधान? आता मी तुमचं घर बघणार."

"न्हाई न्हाई, आत पसारा हाय," म्हणत ते माझ्या मागं धावले, पण मी त्यांचा उंबरा ओलांडला होता.

वूफर मधल्या भिंतीला तोंड लावून ठेवला होता. त्याच्या पाठीला गोधडीची जाड घडी लावलेली आणि त्या घडीला टेकून काकू बसलेल्या. डोळे मिटलेले, एक तळवा फरशीवर. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तिला ऐकू येत न्हाई, मॅडम," तात्या हळूच म्हणाले. "बिलकुल न्हाई."

काकू माहेरच्या कुंभार पिंपळगावात भजनात पुढं बसून गायच्या. लग्नानंतर इथंही गायल्या. कान गेले तसा टाळ चुकायला लागला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "त्या दिवशी टाळ पेटीत टाकले तिनं. मंग एका वरातीत डीजेच्या गाडीजवळ उभी होती, तं छातीवर हात ठिवून म्हणली, अहो, मला इथं वाजलेलं कळून राह्यलं! म्हणून हे आणलं. आता कोणी घरात आलं, अन् पुन्हा हसलं तं?"

 मी वूफरकडं बोट केलं. "याचं तोंड भिंतीकडं का?"

"खिडकीतून कोणाच्या नजरेत आला तं? मागून नुसता पत्र्याचा डबा दिसतो."

"आणि गोधडी?"

"पाठीला चटका बसायचा तिच्या."

मी काकूंना खुणेनं उठवलं आणि गोधडी काढली. मागच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. चोराच्या भीतीनं डब्याचं तोंड भिंतीला, म्हणून पाठ काकूंकडं. पाठ तापते म्हणून गोधडी, आणि गोधडीनं डब्याचा जीव घुसमटतो म्हणून फ्यूज जातो. आम्ही डबा आडवा फिरवला. काकूंची पाठ आता बाजूच्या लाकडी फळीला लागली, पत्रा मोकळा राहिला. तात्यांनी नवा फ्यूज टाकला. एक भजन झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. फ्यूज टिकला.

आणि काकू गायला लागल्या. ताल एकदम पक्का. सूर मात्र कुठल्या कुठं गेलेला. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कसा कळणार? भजन संपल्यावर त्यांनी मोठ्यानं विचारलं, "लागला का सूर?"

तात्यांनी हात उंचावून मान डोलावली. लागला म्हणून.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "रोज विचारती," ते खाली बघत म्हणाले. "रोज हेच सांगतो." दुसऱ्याच्या डब्यातला खिळासुद्धा न सोडणारा हा माणूस रोज संध्याकाळी घरात एवढं मोठं खोटं बोलत होता.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. "ह्यांच्यावर माझा भरोसा न्हाई," त्या म्हणाल्या. "तू खरं सांग, बाई. लागतो का माझा सूर?"

त्यांच्या पाठीमागं तात्या मला हात जोडून उभे होते.

मी काकूंच्या डोळ्यांत बघून मान डोलावली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काकू लहान मुलीसारख्या हसल्या आणि पुढच्या भजनासाठी फळीला पाठ टेकून बसल्या.

तात्या मला दारापर्यंत सोडायला आले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मॅडम, उद्या बी येत जा," ते म्हणाले. "एकट्या माणसाची साक्ष तिला पटत न्हाई."