डावी काच

"आज पण बदडलंन," चपला दारातच टाकत बाबाजी म्हणाला आणि माठातलं पाणी उभ्याउभ्याच घटाघटा प्यायला.

तांदूळ निवडणाऱ्या त्याच्या बायकोचा, दुर्गाचा हात सुपातच थांबला. "चिंचेपाशीच?"

"तिथंच. टपावर बसून कोण बुक्के मारतोय असं वाटतं. धप् धप् धप्! कानात दडे बसले. मागं वळून बघायची पण छाती होत नाय."

बाबाजीने यंदाच एक जुनी पिकअप घेतली होती आणि नवघरहून ठाण्याला मिठाची पोती पोचवायला लागला होता. घोडबंदरचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. गाडी बैलाच्या चालीने जायची. फक्त काशीमिऱ्याच्या पुढे, जुन्या चिंचेपासून मैलभर नवं डांबर पडलं होतं. तिथे बाबाजी गाडी पळवायचा आणि तिथेच धपधप सुरू व्हायची. पण ज्याच्या मनात चिंच बसली, त्याला डांबर कुठून दिसणार?

तिथल्या राखणदाराला नारळ देऊन झाला, गाडीला लिंबू-मिरची बांधून झाली. शेवटी दुर्गाने निदान केलं. "बाहेरचं येतं ते डाव्या बाजूनं येतं. ती डावी काच आधी घट्ट लावा बघू."

तोवर ती काच अर्धी उघडी असायची आणि आवाजही त्या मानाने बेताचा यायचा. काच लावली आणि दुसऱ्याच दिवशी आवाज दुप्पट झाला. उजवी काच लावायची सोय नव्हती, कारण वळताना हात बाहेर काढून दाखवावा लागे.

"बघा, आत शिरता येत नाय म्हणून चिडलाय," दुर्गा म्हणाली.

बाबाजीला ते तंतोतंत पटलं. कुणी चुकूनही डावी काच उघडू नये म्हणून त्याने तिची वर-खाली करायची मूठच उपटली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली.

अशात पेणहून निरोप आला. मुलाचे वडील धर्माजी यांना बाबाजीची लेक शालू सून म्हणून पसंत होती. आता मानपानाच्या बोलणीसाठी ते बायकोला घेऊन ठाण्यापर्यंत एसटीने येणार होते. पुढे आणायला बाबाजीची गाडी.

"त्यांच्यासमोर वाजलं तर?" दुर्गाचा चेहरा उतरला. "या घराला बाधा आहे म्हणतील. आपली शालू मग कोण करणार हो?"

 त्या रात्री बाबाजीला झोप लागली नाही. पोरीचं लग्न त्या चिंचेला टांगलेलं त्याला अंधारात स्पष्ट दिसत होतं.

मे महिन्याचं ऊन. पिकअपमध्ये बाबाजीच्या शेजारी धर्माजी आणि पलीकडे, डाव्या दाराशी, त्यांची बायको गोदूबाई. ठाणं सुटल्यापासून धर्माजींचं तोंड सुरू होतं.

"बँड ठाण्याचाच पाहिजे, बाबाजीराव. आणि पंगतीत दोन गोडं. आमच्या पेणेत एका गोडावर कुणी उठत नाही. वऱ्हाडाची उतरायची सोय पक्क्या घरात. सांगून ठेवतो, मागाहून तोंड वाकडं नको."

"हो, हो," बाबाजी म्हणत होता. त्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं मारुतीरायाकडे होतं. गाडी हळू चालवावी हे त्याच्या मनातही आलं नाही. डांबर लागताच हा टप्पा कधी एकदा संपतो म्हणून त्याने उलट जोर लावला.

धप्. धप्. धप् धप् धप्!

धर्माजींचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "बाबाजीराव... तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

बाबाजीलाही तेच ऐकू येत होतं. पण प्रश्न पोरीचा होता. "नाय बुवा," तो म्हणाला. "मला कायपण ऐकू येत नाय."

"गोदे, तुला?"

गोदूबाईंना गाडी लागली होती. तोंडाला पदर लावून त्यांनी नुसती जोरात नकाराची मान हलवली. माझ्याशी बोलू नका, असा तिचा अर्थ होता. धर्माजींनी तो वेगळा घेतला.

"म्हणजे मलाच," ते पुटपुटले. कपाळावरून घाम ओघळला. "माझ्या बाबांनाही असंच झालं होतं. छातीत धडधड, कानात दडे... बाबाजीराव, बँड राहू द्या."

"काय म्हणालात?"

"बँड नको! गोड एकच करा! मला सूनमुख बघू द्या म्हणजे झालं!"

इतक्यात गोदूबाई किंचाळल्या, "काच उघडा! मला उलटी होतेय! मूठ कुठाय हिची?"

बाबाजीचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. काच उघडली तर ते आत येणार; नाही उघडली तर विहीणबाईंची उलटी व्याह्यांच्या कोऱ्या धोतरावर. त्याने डोळे मिटायचे तेवढे बाकी ठेवले आणि मूठ पुढे केली.

गोदूबाईंनी गरागरा काच खाली केली. धपधप थांबली. एकदम, साफ.

"थांबलं!" धर्माजी रडायचेच बाकी होते. "देवा, वाचवलंस!"

समोरून ट्रक धूळ उडवत आला, म्हणून गोदूबाईंनी काच वर घेतली. धप् धप् धप्. खाली केली. शांत. त्यांनी पुन्हा एकदा वर-खाली करून पाहिली आणि मग बाबाजीकडे पाहिलं. बाबाजीने रस्त्याकडे पाहिलं. उजव्या खिडकीतून शिरलेल्या वाऱ्याला डावीकडून बाहेर पडायला वाट नव्हती, एवढंच होतं ते. इतक्या दिवसांची भीती भरकन खिडकीबाहेर गेली, आणि त्याला हसावं की स्वतःच्या मुस्कटात मारावी तेच कळेना.

नवघरला बोलणी चहा निवायच्या आत आटपली.

पंधरा दिवसांनी व्याही-विहीण आदल्या रात्रीच नवघरला मुक्कामाला आले आणि सकाळी बस्ता बांधायला सगळे ठाण्याला निघाले. दुर्गा आणि शालू मागे हौद्यात, पुढे तेच तिघं. पेणच्या डॉक्टरांनी छाती ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला होता, त्यामुळे धर्माजी पुन्हा रंगात आले होते.

"मी काय म्हणतो, बाबाजीराव, बँडाचा पुन्हा विचार करायला हवा. आणि पैठणीही भारीतलीच घ्यायची, विहिणीचा मान म्हणून—"

चिंच आली. डांबर लागलं. डावी काच आता कायम खाली असायची, पण ढिली झालेली मूठ अजून बाबाजीच्या खिशातच असायची. ती काढून काच वर घ्यावी की नाही, या विचारात त्याची मान शरमेने खाली गेली.

तोच पलीकडून गोदूबाईंचा हात पुढे आला.

"द्या हो ती इकडं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीस वर्षं मी ऐकत्ये ह्यांचं."