विदर म्हणजे काय

वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या धनगरवाडीत हिरड्याचा साहेब आला, त्या दिवशी त्याचा दुभाषा पायथ्याला पोट धरून पडला होता. भोर संस्थान होतं त्या काळातली ही गोष्ट. साहेब कातडी कमावणाऱ्या कारखान्यासाठी बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, विकत घ्यायचा. दुभाष्याची वाट न बघता तो घोड्यावरून एकटाच वर आला.

गेनबाच्या अंगणात हिरडा पसरलेला होता, आणि त्यापलीकडं शेळ्या हाकलायला स्वतः गेनबा बसला होता. साठी ओलांडलेला, किडकिडीत, पण अजून झाडावर चढून हिरडा झोडणारा. साहेबानं एक हिरडा उचलून दाबून पाहिला, मान हलवली, समोर काठी रोखली आणि म्हणाला, "विदर. विदर." मग आठ बोटं दाखवून तो डोंगर उतरून गेला. आठ दिवसांनी परत येणार, एवढं सगळ्यांना कळलं.

वाडीत इंग्रजी शिकलेला एकटा आनंदराव. भोरच्या शाळेत तो इंग्रजी तिसरीपर्यंत गेला होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तेव्हा त्यानं थोडा विचार केला आणि विदर म्हणजे हवा, असं सांगितलं. साहेबाला इथली हवा मानवली, म्हणून तो कौतुक करून गेला.

सगळ्यांना बरं वाटलं. फक्त गेनबाच्या बायकोला, आक्काबाईला, ते पटेना.

"हवा चांगली म्हणायला कुणी अशी मान हलवतं व्हय?"

आनंदरावालाही मग शंका आली. दुसऱ्या दिवशी तो भोरला चालत गेला आणि आपल्या जुन्या मास्तरांना भेटला. मास्तरांनी त्याच्याकडून शब्द दोनदा म्हणवून घेतला. हवेचा शब्द वेदर, हा विदर, असं समजावलं. हा झाडाबद्दल म्हटला तर सुकणं, माणसाबद्दल म्हटला तर खंगत जाणं. साहेब कोणाबद्दल बोलला, असं त्यांनी विचारलं. आनंदरावाला काठी आठवली. काठीच्या रोखात हिरडा होता आणि गेनबाही होता.

परत आल्यावर त्यानं दोन्ही अर्थ सांगितले. हिरड्याचा अर्थ कोणी ऐकूनच घेतला नाही. हिरडा सुकतो हे सांगायला साहेब कशाला हवा?

"मला तर कुठं काय हुतंय?" गेनबा म्हणाला.

"तेच तर. तुमास्नी कळत न्हाई, त्येला कळलं," आक्काबाई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

गेनबानं आपला दंड चाचपून पाहिला. तो आधीपासूनच इतका बारीक होता की आताच वाळला, ते त्याला ठरवता येईना. संध्याकाळी त्याला उगाच थकवा वाटला. सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. आक्काबाईनं दूध, तूप आणि कोंबडीचा रस्सा सुरू केला. हिरडा पोत्यात भरायचा होता, तो तसाच उन्हात पडून राहिला. घरचा माणूस जायला निघालेला असताना पोती कोण शिवणार?

बातमी डोंगरापलीकडं गेली आणि धाकटा भाऊ सावळा आला. दोघा भावांचं एका मेंढ्यावरून बोलणं बंद होतं. मेंढा कुणाचा, यावरून वाद झाला होता. मेंढा म्हातारा होऊन केव्हाच मेला, भांडण मात्र धट्टंकट्टं राहिलं. सावळा आला, भावाच्या पायाशी बसला आणि सगळ्या वाडीदेखत रडला. मेंढा तुझाच होता, म्या उगाच हट्ट केला, असं म्हणाला. गेनबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग तो रस्सा दोघांनी मिळून खाल्ला. सावळा परत गेलाच नाही, भावाच्या उशाशी राहिला.

ठरल्या दिवशी साहेब आला. या वेळी दुभाषा बरोबर होता. साहेबानं हिरड्यात हात घातला. हिरडा काळाकुट्ट, सुरकुतलेला, खड्यासारखा कडक झाला होता. साहेबाचा चेहरा खुलला. तो पुन्हा तोच शब्द बोलला, पण आता हसून.

आनंदरावानं दुभाष्याला बाजूला घेऊन भीत भीत विचारलं. दुभाषा म्हणाला, त्यात काय, मागच्या खेपेला माल ओलसर होता, अजून सुकू द्या म्हणाले साहेब.

सगळ्यांनी गेनबाकडं पाहिलं. तो दारात बसून दूध पीत होता. चार-पाच दिवसांच्या तुपानं त्याचे गाल वर आले होते. आक्काबाईनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

सावळा भावाकडं वळला.

"म्हंजी तू मरत न्हाईस?"

"न्हाई वाटतं," गेनबा ओशाळून म्हणाला.

"मग मेंढ्याचं काय?"

"मेंढा माजाच. तूच म्हणलास, समद्यांदेखत."

"त्ये मरणाच्या येळचं बोलणं हुतं."

"मरत म्या हुतो. तू कुठं मरत हुतास?"

सावळ्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, दोन पावलं गेला, परत फिरला आणि भावाला चिकटून दारातच बसला. साहेब घोड्यावर चढत होता. सावळ्यानं दुभाष्याला हाक मारली.

"रावसाब, त्येस्नी एवढं इचारा. त्या विदरचा आनखी एकादा अर्थ हाय का?"