विषय : साहेबांचे निरीक्षण

"माझी कादंबरी एकदा छापून येऊ दे, लोक बाकीच्या कादंबऱ्या रद्दीत घालतील!"

तात्यांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती शिवणयंत्रावर पडदे शिवत होती. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, आधी येऊ तर द्या छापून!"

तात्या पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती आणि कादंबरीला अकरा. तिच्यात एक सज्जन, हुशार, सोशीक कारकून होता आणि त्याचा जीव खाणारा एक नराधम साहेब होता. कारकून कोणावरून घेतला हे तात्या सांगत नसत, आणि साहेब कोणावरून घेतला हे सांगायची गरजच नव्हती! चार प्रकाशकांनी ती साभार परत पाठवली. पाचवा म्हणाला, "आमच्या संपादकबाईंकडे जा. त्या हो म्हणाल्या तर छापतो."

तात्या छाती पुढे काढून गेले आणि पहिल्याच दिवशी पाठ वाकवून परत आले. बाई अंगाने चिमूटभर. कधी आवाज चढवत नसत, हीच तर खरी भीती! साहेबांच्या ओरडण्याला तात्या सरावलेले होते, पण बाईंनी नुसती पेन्सिल उचलली तरी ते खुर्ची मागे सरकवायचे. पाच महिन्यांत बाईंनी सुरुवातीची चाळीस पानं उडवली. कारकुनाचे अकरा हुंदके होते, त्यांतला एकच ठेवला. दर वेळी तात्या घरी येऊन बाईंच्या नावाने बोटं मोडत, मग हळूच कापलेलं पान पुन्हा वाचत, आणि ते आधीपेक्षा बरं झालंय हे कबूल करायला त्यांना दोन दिवस लागत.

शेवटी एक दिवस बाई म्हणाल्या, "आता फक्त हा साहेब राहिला."

"काय झालं त्याला?"

"काहीच होत नाही, हेच झालंय. पान एकोणीसला राक्षस, पान दोनशेला राक्षस. मधल्या वेळात करतो काय हा?"

"छळतो, बाई!"

"दिवसभर? दमत नाही?" बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "आठ दिवस त्याला नीट बघा. मत द्यायचं नाही, नुसतं बघायचं. दिसेल ते लिहून आणा. त्याशिवाय माझा होकार नाही."

"पण बाई, मी बघतोय हे त्यांनी बघितलं तर?"

"तर तेही लिहा!"

इकडे आड तिकडे विहीर! साहेबांकडे बघावं तर नोकरी जाणार, न बघावं तर अकरा वर्षं पाण्यात. तात्यांनी कपाटाच्या फटीतून, फायलींच्या गठ्ठ्याआडून, एकदा तर टेबलाखाली पडलेली टाचणी शोधता शोधता साहेबांकडे बघायला सुरुवात केली. साहेबांची केबिन काचेची होती. ती आतून बाहेर दिसावं म्हणून बांधलेली, पण बाहेरूनही आत दिसतं हे सव्वीस वर्षांत तात्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी साहेब दारात येऊन गरजले, "काय हो, माझ्या तोंडाला काही लागलंय?"

"नाही साहेब! म्हणजे आहे ते तसंच आहे, साहेब!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तात्यांनी फायलीतून मान वर काढली नाही. पण लिहिणं त्यांनी सोडलं नाही. कोऱ्या कागदाला डावीकडे समास सोडून, वर तारीख टाकून ते लिहीत. दुसऱ्या प्रकाराने लिहायला त्यांचा हातच वळत नसे!

"विषय : साहेबांचे निरीक्षण. संदर्भ : तोंडी सूचना. १) ११.४० वा. मुख्य कार्यालयाचा फोन. साहेब उभे राहिले. फोन ठेवल्यावरही उभेच. कारण अज्ञात. २) १.१० वा. डबा. पडदा ओढून घेतला. कारण अज्ञात. ३) ४.१५ वा. साहेब खिडकीशी, पाठमोरे, दहा मिनिटे. रोजच. कारण अज्ञात."

आठव्या दिवशी, शुक्रवारी, सात पानं झाली. आणि इथेच घात झाला! समोर तारीख, विषय आणि संदर्भ असलेला कागद दिसला की तात्यांचे हात तात्यांना विचारत नाहीत. त्यांनी सातही पानांना भोकं पाडली, टॅग ओवला, आवक नोंदवहीत क्रमांक घातला, आणि फाईल सहीच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. डोकं त्या वेळी कादंबरीच्या मुखपृष्ठावर होतं. शिपायाने गठ्ठा उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

घरी जाऊन पिशवी उघडली तेव्हा तात्यांना कळलं.

"अगं, मी मेलो!"

"कशाने?" बायकोने घाबरून विचारलं.

"स्वतःच्या हाताने! आवक क्रमांकासकट!"

शनिवार-रविवार तात्या घराबाहेर पडले नाहीत. फोन वाजला की ते मोरीत जाऊन कडी लावत. बदली होणार, चौकशी होणार, पेन्शन थांबणार! बायको म्हणाली, "आजारी आहे म्हणून कळवा." तात्या म्हणाले, "कळवायचं काय त्यात, आहेच मी!"

सोमवारी पाऊल आत टाकतात न टाकतात तोच शिपाई म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय. एकटं."

तात्या आत गेले आणि साहेब चक्क उठून उभे राहिले! चेहरा पांढराफटक. आवाज असा, की शेजारच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये.

"बसा ना, तात्या," साहेब म्हणाले.

साहेबांनी 'बसा' म्हटल्याची सव्वीस वर्षांत नोंद नव्हती! तात्या भीतीने खुर्चीच्या कडेवर टेकले. साहेबांनी फाईल पुढे सरकवली. तात्यांच्या प्रत्येक 'कारण अज्ञात'पुढे साहेबांच्या सुबक अक्षरात खुलासा लिहिलेला होता.

"१) मुख्य कार्यालयाच्या फोनची भीती वाटते. नोकरीला लागलो तेव्हापासून. २) कवळी टोचते. काढून जेवावे लागते. कोणी पाहू नये म्हणून पडदा. ३) मुलगी समोरच्या बँकेत आहे. सव्वाचारला चहाला बाहेर येते. तिने मनाने लग्न केले, मी नको ते बोललो. वर्ष झाले, बोलत नाही. इथून दिसते."

"वर पाठवून द्या," साहेब पुटपुटले. "चौकशीला माझं पूर्ण सहकार्य आहे. फक्त तिसरा मुद्दा जरा... गुप्त ठेवता आला तर बघा."

तात्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याला घाबरलाय! आणि आपल्याइतकाच घाबरलाय! त्यांना एकदम रडू आलं.

"साहेब, चौकशी कसली? मी... कादंबरी लिहितोय. आमच्या संपादकबाईंनी सांगितलं होतं."

"कादंबरी!" साहेब धपकन खाली बसले. फाईल पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली. "त्यात मी आहे?"

"थोडेसे आहात."

"माझं शेवटी काय होतं?"

"पाण्याच्या टाकीत पडता, साहेब."

"पडतो, की ढकलता?"

"...ढकलतो."

"मला पोहता येतं, तात्या!"

"नव्हतं माहीत, साहेब. म्हणूनच बाई म्हणाल्या, नीट बघा."

साहेब खिडकीकडे वळले. तात्यांना वाटलं, आता गरजणार! पण ते म्हणाले, "कवळीचं वाटलं तर लिहा. खिडकीचं मात्र नक्की लिहा. ती पुस्तकं वाचते."

त्यानंतरचे दोन महिने तात्यांनी जे लिहिलं, ते लिहिताना त्यांना बाईंचीही भीती वाटली नाही. भीती वाटली ती साहेबांवर अन्याय होईल याची. टाकी गेली, ढकलणं गेलं. सगळं घेऊन ते बाईंसमोर बसले. बाई वाचत होत्या. पेन्सिल एकदाही उचलली नाही. तात्यांना वाटलं, संपलं! इतकं वाईट, की खूण करायचीही लायकी नाही!

बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि चष्मा पुसला.

"आता झाला माणूस. छापू या."

तात्यांना हुंदका आला, अकरांपैकी बाहेर राहिलेला एखादा असावा.

"फक्त एक," बाई म्हणाल्या, आणि पेन्सिल उचलली. "हा कारकून. साहेबांपुढे अगदीच कागदी वाटतो. आता त्याची गरजच नाही. काढून टाकू या."

"सगळा?" तात्यांचा आवाज खोल गेला. "पण बाई, मग... मी कुठे राहिलो?"

"मुखपृष्ठावर," बाई म्हणाल्या. "जागा पुरत नसेल तर सांगा."

"पुरते, बाई!" तात्या घाईघाईने म्हणाले.