ज्याचा डबा बोलते, त्याचंच दुकान

आमच्या प्रणालीला भाजीला पाठवलं तर ती आधी भाजी बघत नाही. पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा तो लहानसा डबा असतो ना गाड्यावर, तो बघते. "दादा, डबा बोलते का?" चार्जिंग संपलं म्हणाला, की बाई पुढच्या गाड्यावर. मग तिथं वांगी किडकी का मिळेनात. "ज्याचा डबा बोलते, त्याचंच दुकान," हे तिचं ठरलेलं.

अमरावतीत माझ्या मागच्या खोलीत ती दोन वर्षांपासून भाड्यानं राहते. वय वीस. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात काम, आणि चार वाजता चहा माझ्याकडे. "अद्रक टाकाल तर मी नाही पेत, काकू." भाडं ठरायच्या आधी ही अट ठरली होती.

तिच्या फोनवर पैसे द्यायची तीन ॲपं, आणि तिघांना नावं. एक मामा, कारण तो कधीमधी दोन-चार रुपये परत देतो. रिचार्ज मामाकडून. दुसरी हरणी, पाणीपुरीच्या गर्दीत झटकन जाते. तिसरं बँकेचं, ती सासू. सतरा वेळा पासवर्ड विचारते. मी बटव्यातून नाणी काढली की म्हणते, "वाजवा, वाजवा तुमचे घुंगरू." एका ॲपनं तिला म्हटलं, आता घ्या, पुढच्या महिन्यात द्या. ते तिनं त्याच मिनिटाला पुसून टाकलं. "आमच्या गावात बियाणं असंच येत जाय, काकू. मी नाही घेत."

तिची माय तिवस्याच्या बसस्टँडवर चहा विकते. लागोपाठ तीन वर्षं सोयाबीन हातचं गेलं, तेव्हा मायनं हिचं लग्न ठरवलं. हिनं पाहुण्यांसमोर सांगितलं, "मी शिकून राहिली. लगन नाही करत," आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून इथं आली. तेव्हापासून माय हिचा फोन उचलत नाही.

"नाही त नाही," ही म्हणते. "मी बी तिचीच पोरगी."

एवढी ताठ. पण रोज चार वाजता, कपाला हात लावायच्या आधी, ही सासूला उठवते. पासवर्ड देते, एकटक बघत राहते, आणि पैसे पोचल्याची खूण आली की मगच चहा पिते. मला वाटलं, कोणी पोरगं असेल.

"मग सासूच काहून? हरणी नाही का?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"हरणी कधी मधातच अडकते. सासू उशीर करते, पण पोचवते."

परवा बारशासाठी तिवस्याला गेले होते. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून स्टँडवरच्या टपरीत बसले. चहावालीचं थेट प्रणालीसारखं नाक बघितलं आणि ओळखलंच. ओळख मात्र दिली नाही. चार वाजले आणि डबा बोलला, "दहा रुपये मिळाले." टपरीत फोन कोणाच्याच हातात नव्हता. बाईनं ठेचलेलं अद्रक बाजूला सारलं, लहान गंज शेगडीवर चढवला, एकच चहा केला आणि ग्लास फळीच्या कोपऱ्यात ठेवला. एका ड्रायव्हरनं हात पुढे केला.

"ठेव थो. त्याचे पैसे आले."

"कोनाचा हाय?"

"जिचा हाय, थे येईल."

माझी बस लागली तेव्हा त्या चहावर साय धरली होती.

घरी येऊन मी प्रणालीला सगळं सांगितलं. ती फोनची काच ओढणीनं पुसत बसली. "डबा मीच बसवून देला होता," ती म्हणाली, "निंघायच्या आदल्या दिवशी. मायले वाचता येत नाही ना." मग फोन बाजूला ठेवून, "अद्रक होतं त्यात?"

"नाही. वेगळ्या गंजात केला."

सकाळी उठून बघते तर बाई दारात उभी, बॅग खांद्याला.

"लगन नाही करत मी. थे आधीच सांगून ठेवतो."

"मी कुठं म्हटलं?"

"तुमाले नाही. जाऊन मायले सांगतो." आणि हात पुढे केला. "काकू, बटव्यातून दहाचं नाणं द्या. आज तिच्या हातावर ठेवतो."